टी-शर्ट छपाई आणि एम्ब्रॉयडरीसाठी फाईल कशी द्यावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आषाढी झाली की आमच्याकडचे फोन वाढतात. ढोल-ताशा पथकांचे कुर्ते, गणेश मंडळांचे टी-शर्ट, गोविंदा पथकांच्या जर्सी, शाळांच्या गणवेशावरची बोधचिन्हं, सगळं एकदम येतं आणि सगळ्यांना लवकर हवं असतं. काम अडतं ते मशीनपाशी क्वचित, फाईलपाशी बहुतेक वेळा. रोज विचारले जाणारे प्रश्न म्हणून इथे एकत्र लिहिले आहेत. मराठी अक्षरांचा भाग लांबला आहे आणि तो आम्ही लांबू दिला आहे. इंग्रजी लोगोबद्दलची माहिती कुठेही सापडते, देवनागरी कापडावर नीट कशी उतरवायची हे मात्र फारसं कुणी लिहीत नाही.

फाईल नेमकी कोणत्या प्रकारची हवी?

शक्य असेल तर व्हेक्टर. म्हणजे कोरलड्रॉची सीडीआर, इलस्ट्रेटरची एआय, नाहीतर त्यातून काढलेली पीडीएफ, ईपीएस किंवा एसव्हीजी. व्हेक्टर फाईलमधलं चित्र ठिपक्यांचं नसतं. रेषा कुठून निघते, कुठे वळते, आत कोणता रंग भरायचा, एवढंच तिच्यात नोंदलेलं असतं. म्हणून तेच चिन्ह खिशावर तीन इंचाचं करा किंवा पाठीवर बारा इंचाचं, कडा तितकीच स्वच्छ येते.

ओळखायची पद्धत सोपी आहे. फाईल उघडा आणि एका अक्षराची कड आठशे टक्के मोठी करून बघा. कड गुळगुळीत राहिली तर व्हेक्टर, पायऱ्या दिसायला लागल्या तर ते ठिपक्यांचं चित्र. जेपीजी कोरलमध्ये आणून सीडीआर म्हणून सेव्ह केली तरी आतलं चित्र जेपीजीच राहतं. अशी फाईल आमच्याकडे दर आठवड्याला येते.

कोरलची फाईल पाठवताना जुन्या आवृत्तीत सेव्ह करा आणि सोबत पीडीएफही द्या. नव्या आवृत्तीतली सीडीआर जुन्या कोरलमध्ये उघडत नाही, आणि छपाईचं जॉबवर्क करणाऱ्या अनेकांकडे अजून जुनंच कोरल चालू आहे.

व्हॉट्सॲपवर आलेला लोगो चालेल का?

बहुतेक वेळा नाही, आणि त्यामागे साधा हिशोब आहे. छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल, म्हणजे ठिपके, असावेत असं आम्ही धरतो. पाठीवर १२ इंच रुंद डिझाईन हवं असेल तर चित्र ३६०० पिक्सेल रुंद लागतं. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र दाबलं जातं आणि बरेचदा १६०० पिक्सेलच्या आसपास येऊन थांबतं. १६०० ला १२ ने भागा, इंचाला १३३ उरतात. ग्रुपच्या डीपीवरून घेतलेला लोगो तर ६४० पिक्सेलचा असतो. तो नीट छापायचा तर दोन इंचापलीकडे नेता येत नाही.

तुमच्याकडे मूळ मोठी फाईल असेल तर ती व्हॉट्सॲपवरच पाठवा, पण फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. डॉक्युमेंट जसंच्या तसं पोचतं. ईमेल किंवा ड्राइव्हची लिंकही चालते.

फोटोशॉपमध्ये रिझोल्यूशन ७२ चं ३०० केलं, आता चालेल ना?

आकडा बदलल्याने चित्रात नसलेला तपशील तयार होत नाही. सॉफ्टवेअर दोन ठिपक्यांच्या मध्ये अंदाजाने तिसरा भरतं आणि कड धुरकट होते. डिझाईन नव्याने करत असाल तर सुरुवातीलाच कागद हव्या त्या मापाचा आणि ३०० वर घ्या. मोबाईलवर पिक्सेललॅबमध्ये करणाऱ्या मुलांनाही आमचं हेच सांगणं असतं: कॅनव्हास पहिल्यांदाच ३६०० पिक्सेलचा ठेवा, शेवटी मोठा करू नका.

मूळ फाईल कुणाकडेच नाही. मंडळाचं जुनं लेटरहेड तेवढं आहे. काय करता येईल?

आधी एक फोन करा. मंडळाचा फ्लेक्स, पावतीपुस्तक किंवा अहवाल ज्यांनी छापला त्यांच्याकडे सीडीआर असण्याची शक्यता खूप असते. तिथे नसेल तर लेटरहेड ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून पाठवा. मोबाईलचाच फोटो काढायचा असेल तर कागद सपाट ठेवून, बरोबर वरून, दिवसाच्या उजेडात काढा. तिरका फोटो आला की गोल चिन्ह लंबगोल होतं आणि ते सरळ करण्यात आमचा वेळ जातो.

मग ते चिन्ह आम्ही हाताने पुन्हा रेखतो. आपोआप ट्रेस करणारी सोय व्हेक्टरच्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण ती मराठी अक्षरांचे कोपरे गोल करते, बारीक मात्रा खाते आणि अनुस्वाराचा वेडावाकडा ठिपका करते. साधी आकृती असेल तर ट्रेस चालतो. अक्षरं मात्र पुन्हा टाईप करून किंवा रेखूनच घ्यावी लागतात.

आमची फाईल तुमच्याकडे उघडली की मराठी मजकुराच्या जागी भलतंच काहीतरी दिसतं. असं का होतं?

कारण तो मजकूर युनिकोडमध्ये नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक असतो. आपल्याकडच्या छपाईत वर्षानुवर्षं श्री-लिपी, आयएसएम अशा सॉफ्टवेअरच्या आणि कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टमध्ये काम झालं आहे. यातले बरेच फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरतात. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षर असतं आणि फॉन्ट त्यावर मराठी आकार चढवतो. तोच फॉन्ट समोरच्या संगणकावर नसेल तर मराठी गायब होतं आणि इंग्रजी अक्षरांचा काला उरतो.

हे झालं तर निदान दिसतं तरी. खरी भीती वेगळी आहे. फॉन्टचं नाव तेच, पण आवृत्ती वेगळी असेल तर नव्वद टक्के मजकूर बरोबर येतो आणि एखादंच चिन्ह उडतं. या फॉन्टांमध्ये रफार, रकार, काही जोडाक्षरं अशा जागांवर बसवलेली असतात की आवृत्ती बदलली की पहिला घाव त्यांच्यावर पडतो.

आमच्याकडे हे घडलं आहे. एका पथकाचे १५० टी-शर्ट होते, पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘कार्यकर्ता’. फाईल कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांच्या आकृत्या करून घेतलेली, नव्हती. आमच्या संगणकावर त्याच नावाचा फॉन्ट होता म्हणून आम्ही निर्धास्त राहिलो. दोन्ही रफार उडाले आणि ‘कायकता’ छापलं गेलं. फिल्म काढणाऱ्याने पाहिलं, स्क्रीन धरणाऱ्याने पाहिलं, घड्या घालणाऱ्या ताईंनी पाहिलं. शब्द ओळखीचा असला की माणूस अक्षरं वाचतच नाही. पथकातल्या एका मुलीने टी-शर्ट अंगात घालून आरशात पाठ बघताना ते पकडलं. चूक आमची होती. सगळे टी-शर्ट नवे आणून रात्रभर बसून पुन्हा छापून दिले. तेव्हापासून कर्व्ह न केलेल्या मराठी फाईलला आम्ही हात लावत नाही, कितीही घाई असो. १५० जणांच्या पाठीवर जे जाणार आहे ते बरोबर असायलाच हवं.

कर्व्ह करायचं म्हणजे काय करायचं?

अक्षरांचं रूपांतर आकृत्यांमध्ये करायचं. मग फॉन्ट कुणाकडे असो-नसो, आकार हलत नाही. कोरलमध्ये मजकूर निवडून कंट्रोल आणि क्यू दाबा. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ओ. इंकस्केपमध्ये पाथ मेनूतलं ‘ऑब्जेक्ट टू पाथ’.

दोन गोष्टी सांभाळा. कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून टाईप केलेली मूळ फाईल स्वतःकडे वेगळी ठेवा. आणि कर्व्ह झाल्यावर पुन्हा एकदा वाचा. देवनागरीत अक्षर आणि शिरोरेषा एकमेकांवर चढलेल्या असतात. कर्व्ह करून एकत्र जोडताना त्या सांध्यात कधीकधी पांढरी खिडकी उघडते. कागदावर ती नजरेत येत नाही, पण बारा इंचाच्या छपाईत स्पष्ट दिसते.

युनिकोडमध्ये टाईप केलं तरी वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं फुटतात. उपाय काय?

हा दोष सॉफ्टवेअरच्या मांडणीचा आहे, तुमच्या टायपिंगचा नाही. ‘शिवाजी’ टाईप करताना आपण आधी श आणि मग वेलांटी देतो, पण दिसताना वेलांटी आधी यावी लागते. ही अदलाबदल सॉफ्टवेअरने करायची असते. जुनं फोटोशॉप, जुनं कोरल ती करत नाही. नव्या फोटोशॉपमध्ये टाईपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी हा पर्याय निवडा, इलस्ट्रेटरमध्ये इंडिक पर्याय चालू करा. इंकस्केप फुकट मिळतं आणि देवनागरी बरोबर मांडतं. काहीच जमत नसेल तर मजकूर साध्या मेसेजमध्ये टाईप करून आम्हाला पाठवा, आम्ही बसवून देऊ.

तपासण्यासाठी चार शब्द टाईप करून बघा: कऱ्हाड, सह्याद्री, प्रतिष्ठान, वर्धिष्णू. कऱ्हाडमधला अर्धा र नीट आला, ह्य आणि द्री जुळले, ष्ठ एकसंध दिसला आणि रफार ध वर बसला, तर बाकी मजकूरही बहुधा नीट येईल. कऱ्हाडचा तो अर्धा र सर्वात जास्त वेळा फुटतो. तिथल्या मंडळांनी आपल्याच गावाचं नाव चुकीचं छापून घेतलेलं पाहिलं की वाईट वाटतं.

मग फॉन्ट कोणता घ्यावा?

छपाईसाठी मुक्त परवान्याचे चांगले देवनागरी फॉन्ट आता भरपूर आहेत. मुंबईच्या एक टाईपने केलेले मुक्ता आणि बालू हे दोन्ही फुकट मिळतात आणि कापडावर छान उतरतात. बालूची जाड, गोलसर अक्षरं टी-शर्टच्या पाठीसाठी आम्हाला फार आवडतात. एम्ब्रॉयडरीसाठी सगळीकडे एकाच जाडीची रेघ असलेला फॉन्ट घ्या. बोरूने लिहिल्यासारखी, जाड-बारीक होत जाणारी सुलेखनाची अक्षरं छपाईत देखणी दिसतात, धाग्यात मात्र त्यांची बारीक टोकं टिकत नाहीत.

ल आणि श कडेही लक्ष द्या. मराठी वळणाचा ल आणि श हिंदी वळणापेक्षा वेगळा असतो. काही फॉन्टांत दोन्ही आकार असतात, मजकुराची भाषा मराठी निवडली की आपलं वळण येतं. ‘शाळा’ आणि ‘लेझीम’ लिहिताना हा फरक चटकन जाणवतो.

एआयने बनवलेलं चित्र आणलं आहे, त्यावर मराठी नावही आलं आहे. तेच छापा.

चित्र चालेल, नाव नाही. एआयची चित्रं अनेकदा देवनागरीसारखे दिसणारे आकार काढतात, त्यात अक्षर असेलच असं नाही. दुरून ‘मित्र मंडळ’ वाटतं, जवळून पाहिलं तर त्र ला शेपूट नसतं आणि ळ च्या जागी दुसरंच काहीतरी असतं. चित्रातला मजकूर पुसून नाव वेगळं टाईप करू. चित्राचे पिक्सेलही मोजा, हजाराच्या आसपास असतील तर पाठभर छपाईला ते कमी पडतं.

मोडीत नाव छापून मिळेल का?

मिळेल. मोडी लिपी २०१४ साली युनिकोडमध्ये आली आणि नोटो सान्स मोडीसारखे फॉन्ट उपलब्ध आहेत. मात्र इंटरनेटवरच्या रूपांतरावर विसंबून राहू नका. मोडी वाचणाऱ्या जाणकाराला एकदा दाखवा आणि मगच फाईल द्या, कारण आमच्या दुकानात ती चूक पकडणारं कुणी नाही.

स्क्रीनवर दिसतो तोच भगवा कापडावर येईल का?

हमी देता येत नाही. मोबाईलचा पडदा प्रकाशाने रंग दाखवतो आणि कापडावर शाई असते. भडक केशरी, पोपटी, चमकता निळा हे रंग पडद्यावर पेटल्यासारखे दिसतात आणि छपाईत फिके पडतात. भगव्याचं तर प्रत्येक मंडळाचं मत वेगळं. कुणाला तांबूस हवा, कुणाला झेंडूसारखा पिवळट, आणि दोघांच्याही तोंडी शब्द एकच, भगवा.

म्हणून रंग मेसेजवर सांगू नका, वस्तू आणून द्या. मागच्या वर्षीचा कुर्ता, झेंड्याच्या कापडाचा तुकडा, काहीही. स्क्रीन प्रिंटिंगमध्ये शाई त्यावर जुळवून घोटता येते. पँटोन क्रमांक (छपाईच्या रंगांच्या ठरलेल्या तक्त्यातला क्रमांक) माहीत असेल तर उत्तम. एम्ब्रॉयडरीत रंग धाग्याच्या शेड कार्डातूनच निवडावा लागतो, मधला रंग मिसळून बनत नाही. शेड कार्ड दुकानात येऊन उन्हात धरून बघा, ट्यूबलाईटखाली केशरी आणि लाल फसवतात.

स्क्रीन प्रिंट, डीटीएफ आणि सब्लिमेशन यांना वेगवेगळ्या फाईल लागतात का?

हो. स्क्रीन प्रिंटमध्ये प्रत्येक रंगाची स्वतंत्र फिल्म निघते आणि स्वतंत्र स्क्रीन, म्हणजे शाई उतरवायची जाळीची चौकट, बनते. म्हणून रंग मोजके आणि सपाट ठेवा. तीन रंग म्हणजे तीन स्क्रीन. काळ्या किंवा गडद कापडावर बहुतेकदा खाली पांढरा थर द्यावा लागतो, तो आणखी एक. फाईलमध्ये दिसायला एकच लाल असतो, पण आत तीन वेगळे लाल निघतात असं नेहमी होतं, ते एक करून पाठवा. रेघ १ पॉइंटपेक्षा, म्हणजे साधारण ०.३५ मिलिमीटरपेक्षा बारीक नको. गडद पट्टीत कोरलेली पांढरी अक्षरं असतील तर रेघ अर्धा मिलिमीटर तरी ठेवा, शाई पसरून ती बुजतात. संख्या मोठी असली तर हीच पद्धत स्वस्त पडते आणि टिकतेही छान.

डीटीएफमध्ये डिझाईन फिल्मवर छापून, वर गोंदाची पावडर टाकून, गरम प्रेसने कापडावर चिकटवतात. कितीही रंग, फोटोसुद्धा चालतो आणि दहा-वीस नगांसाठी परवडतं. फाईल पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी हवी, ३०० डीपीआयवर, खऱ्या मापात. इथली अडचण म्हणजे सावल्या आणि चमक. अक्षरामागे सोडलेली मऊ सावली, धुरासारखी विरत जाणारी कड, हे सगळं अर्धपारदर्शक असतं. मशीन त्याखालीही पांढरा थर मारतं आणि काळ्या टी-शर्टवर सावलीच्या जागी मळकट पांढरी झाक उमटते. कडा ठाम ठेवा. विरत जाणारा परिणाम हवाच असेल तर तो ठिपक्यांच्या जाळीने करा. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक रेघेला पावडर नीट धरत नाही आणि ती धुण्यात निघते.

सब्लिमेशनमध्ये कागदावर छापलेला रंग उष्णतेने कापडाच्या धाग्यात उतरवतात. ते फक्त पॉलिएस्टरवर आणि पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर. जर्सीसाठी उत्तम. कॉटनवर तो रंग टिकत नाही आणि गडद कापडावर दिसत नाही. चित्र आरशासारखं उलटं छापतात, पण ते आमचं काम. तुम्ही उलटं करून पाठवलं आणि आम्ही पुन्हा उलटवलं की गोंधळ होतो.

पीएनजी दिली होती, तरी डिझाईनभोवती पांढरा चौकोन आला.

जेपीजीत पारदर्शकता नसते, आणि जेपीजीचं नाव बदलून पीएनजी केल्याने ती येत नाही. फाईल काळ्या पार्श्वभूमीवर ठेवून बघा, चौकोन असेल तर लगेच दिसेल. कॅन्व्हावर केलं असेल तर पारदर्शक पार्श्वभूमी सशुल्क खात्यातच मिळते. तसं खातं नसेल तर त्याची प्रिंटची पीडीएफ पाठवा, मागचा पांढरा भाग आम्ही काढतो.

एम्ब्रॉयडरीसाठी लोगो दिला, तरी ‘पंचिंग’चे वेगळे पैसे का?

एम्ब्रॉयडरी मशीनला चित्र कळत नाही. सुई कुठे टोचायची, पुढचा टाका किती मिलिमीटरवर, कोणत्या दिशेला, धागा कुठे कापायचा, रंग कुठे बदलायचा, हे एकेका टाक्याने सांगावं लागतं. चित्रावरून ही टाक्यांची फाईल बनवणं म्हणजे पंचिंग. तुमची व्हेक्टर फाईल पंचिंगवाल्याला खालचा नकाशा म्हणून उपयोगी पडते. ती स्वच्छ असली की काम लवकर होतं, पण ती थेट मशीनमध्ये घालता येत नाही.

पंचिंगचा खर्च एका डिझाईनला एकदाच. पुढे भरतकामाचा दर हजार टाक्यांवर ठरतो. छातीवरचा साडेतीन इंचाचा भरीव लोगो आठ-दहा हजार टाक्यांपर्यंत सहज जातो. म्हणून मागचा भरलेला गोल काढून कापडाचाच रंग मोकळा सोडला तर खर्च बराच कमी होतो, आणि टी-शर्टवर तो भाग पत्र्यासारखा कडकही होत नाही.

एम्ब्रॉयडरीत मराठी अक्षर किती लहान चालतं?

इंग्रजी मोठी लिपी पाच मिलिमीटर उंचीपर्यंत वाचता येते. देवनागरीसाठी आम्ही मुख्य अक्षराची उंची आठ मिलिमीटर धरतो, जोडाक्षरं जास्त असतील तर दहा. वरच्या मात्रा आणि खालचे उकार यांची जागा वेगळी.

कारण धाग्याच्या जाडीत आहे. नेहमीचा ४० नंबरचा धागा साधारण ०.४ मिलिमीटर जाड असतो आणि ७५ नंबरची सुई पाऊण मिलिमीटर. आता ‘मंडळ’ या शब्दाचा अनुस्वार घ्या. पाच मिलिमीटरच्या अक्षरात तो ठिपका एक मिलिमीटरचाही उरत नाही. सुई त्याच भोकात पुन्हा पुन्हा टोचते, धाग्याची गाठ होते, कधी कापडाला भोक पडतं. ळ च्या दोन पोकळ्या बुजून दोन गोळे होतात. ‘प्रतिष्ठान’मधला ष्ठ तर नुसता डाग दिसतो.

दुसरी गोष्ट शिरोरेषेची. रुंद रेघ भरताना टाके आडवे जातात आणि कापडाला आत ओढतात. त्यामुळे रेघ भरल्यावर थोडी अरुंद होते आणि तिची टोकं बाहेर ढकलली जातात. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात, त्यामुळे हे खपून जातं. आपल्याकडे काना आणि शिरोरेषा जुळलेल्या हव्यात. पंचिंग करणाऱ्याला देवनागरीची सवय नसेल तर चित्रात जुळलेलं अक्षर कापडावर शिरोरेषेपासून केसभर सुटतं, आणि सगळा शब्द लोंबकळल्यासारखा दिसतो. आमच्याकडे काना शिरोरेषेच्या आत अर्धा मिलिमीटर घुसवून पंच करतात, आधी अक्षरं भरतात आणि शेवटी शिरोरेषा सलग ओढतात. पोलो टी-शर्टच्या जाळीदार कापडावर ओढ जास्त असते, तिथे रेघही थोडी जाड धरावी लागते. चांगल्या हाताचं हे काम बघत बसावंसं वाटतं. सुई शब्दाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते आणि सुटी पडलेली अक्षरं एका रेघेत येऊन शब्द होतात.

फारच लहान अक्षर टाळता येत नसेल तर ६० नंबरचा बारीक धागा आणि बारीक सुई वापरता येते. त्यापेक्षा मजकूर कमी करणं बरं. ‘स्थापना’, ‘रजि. नं.’ आणि पूर्ण पत्ता छातीवरच्या लोगोत नसला तरी चालतं.

राजमुद्रा टोपीवर किंवा खिशावर भरून मिळेल का?

हा प्रश्न शिवजयंतीच्या आधी रोज येतो. अष्टकोन आणि बाहेरची नक्षी भरता येते, आतला मजकूर नाही. ‘प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता’ यात च्च आहे, ंद्र आहे, ष्णु आहे, रफार आहेत. तीन इंचाच्या मुद्रेत एकेका ओळीला पाच-सहा मिलिमीटर मिळतात, आणि वर सांगितलेलं सगळं एकदम घडतं. महाराजांची मुद्रा न वाचता येणाऱ्या गाठींच्या रूपात आम्हाला द्यायची नाही. पाठीवर आठ-दहा इंचाची भरू, नाहीतर खिशावर बारीक छपाईने करू. दोन्हींत प्रत्येक अक्षर वाचता येतं. फाईलमधला श्लोकही तपासा, इंटरनेटवरच्या अनेक चित्रांत तो चुकलेला असतो.

आमच्याकडे आधीची डीएसटी फाईल आहे, तीच वापरता येईल का?

डीएसटी ही पंचिंग करून तयार झालेली फाईल जवळजवळ प्रत्येक औद्योगिक एम्ब्रॉयडरी मशीनवर चालते, पण तिच्यात टाक्यांची नोंद असते, रंगांची नसते. कुठे थांबून धागा बदलायचा तेवढं कळतं, कोणता धागा ते नाही. म्हणून रंगांचा क्रम किंवा जुन्या कामाचा फोटो सोबत द्या. शिवाय डीएसटी दहा टक्क्यांपेक्षा जास्त लहान-मोठी करू नये, टाके तेवढेच राहतात आणि एकतर दाटतात किंवा विरळ पडतात. विलकॉम या पंचिंगच्या सॉफ्टवेअरची मूळ ईएमबी फाईल असेल तर माप बदलणं सोपं जातं. पैसे देऊन पंचिंग करून घेतलं असेल तर ती मागून ठेवा. शर्टाच्या कापडासाठी केलेलं पंचिंग टी-शर्टवर तसंच चालेल असं समजू नका, आम्ही आधी चिंधीवर भरून बघतो.

टोपीसाठी वेगळं काही?

कॅपच्या पुढच्या भागावर उंची साडेपाच सेंटिमीटरच्या आत ठेवा. टाके मधून बाहेर आणि खालून वर जातात, म्हणून पंचिंग वेगळं लागतं. गांधी टोपीवर मात्र शिवण्याआधी सपाट कापडावर भरलेलं सर्वात नीट येतं.

डिझाईन किती मोठं ठेवू?

छातीवर डाव्या बाजूला तीन ते साडेतीन इंच, मोठ्यांच्या पाठीवर अकरा-बारा इंच. पण ऑर्डरीत लहान मुलांचे टी-शर्ट असतील तर आधी सांगा. २६ छातीचा टी-शर्ट सपाट पसरला की तेरा इंच भरतो, त्यावर बारा इंचाचं डिझाईन शिवणीवर चढतं. मुलांसाठी सात-आठ इंचाची दुसरी फाईल किंवा दुसरी स्क्रीन करावी लागते.

इंटरनेटवरून घेतलेलं चित्र, खेळाच्या संघाचा लोगो किंवा तिरंगा छापाल का?

दुसऱ्याचं चित्र परवानगीशिवाय नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्रावर चित्रकाराच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क असतो. पोस्टर गावभर लागलेलं आहे म्हणून ते मोकळं होत नाही. राष्ट्रध्वज कपड्याच्या कापडावर छापायला किंवा भरायला ध्वज संहितेत मनाई आहे, आणि अशोकस्तंभाच्या वापरावर २००५ चा कायदा आहे. तिरंगी पट्टी, तीन रंगांची नक्षी हवी असेल तर आपण मिळून वेगळं डिझाईन करू.

प्रत्येकाच्या पाठीवर वेगळं नाव हवं आहे. यादी कशी द्यायची?

एक्सेलमध्ये, युनिकोडमध्ये टाईप करून. एका ओळीत एक माणूस: नाव, नंबर, साईज. वहीच्या पानाचा फोटो नको. हस्ताक्षरात ‘धनश्री’ आणि ‘घनश्री’ सारखेच दिसतात. नावांचं शुद्धलेखन आम्ही दुरुस्त करत नाही. ‘दिपक’ लिहिलं असेल तर ‘दिपक’च छापतो, कारण ते नाव त्या माणसाचं आहे आणि तो ते तसं लिहितो. म्हणून यादी पाठवण्याआधी ज्याचं नाव त्याला वाचायला द्या.

प्रूफ आल्यावर काय बघायचं?

प्रूफ म्हणजे काम सुरू करण्याआधी तपासायला आम्ही पाठवतो ते डिझाईन. मोबाईलवर झरकन बघून ‘ओके’ पाठवू नका. मोठ्या पडद्यावर उघडा किंवा कागदावर प्रिंट काढा. शब्द शेवटून सुरुवातीकडे वाचा, म्हणजे अर्थ मागे पडतो आणि अक्षर समोर येतं. रफार, अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ यांवर बोट ठेवत जा. मजकुराशी संबंध नसलेल्या एका माणसाला मोठ्याने वाचायला सांगा. मग माप, जागा, रंग, कापडाचा रंग. एम्ब्रॉयडरी असेल तर त्याच कापडावर भरलेला एक नमुना आम्ही देतो. तो हातभर अंतरावर धरून वाचा, घरी नेऊन एकदा धुवा आणि मगच बाकीच्या नगांना होकार द्या.